‘दमलो’ म्हणजे नेमकं काय? सीओपीडीच्या रुग्णातली जर्जरता मोजायला शिकताना

छातीच्या ओपीडीत नव्याने रुजू झालेल्या फिजिओथेरपिस्टला किंवा इंटर्नला पहिल्याच आठवड्यात एक कोडं पडतं. बाकावर दोन रुग्ण शेजारीशेजारी बसलेले असतात. दोघंही सत्तरीच्या आसपास, दोघांनाही सीओपीडी, म्हणजे श्वासाच्या वाटा अरुंद करणारा जुनाट फुफ्फुसविकार. दोघांच्या स्पायरोमेट्रीचे, म्हणजे फुंकर मारून फुफ्फुसं तपासण्याच्या चाचणीचे, आकडे जवळजवळ सारखे, पंप तोच, गोळ्या त्याच. त्यातला एक एकटाच एसटीने आलेला असतो. केसपेपरच्या रांगेत उभा राहतो, औषधं घेतो आणि दुपारच्या गाडीने घरी जातो. दुसऱ्याला मुलाने काखेत हात घालून आणलेलं असतं आणि खुर्चीतून उठायला त्याला दोनदा जोर लावावा लागतो.

फुंकर मारून निघालेला आकडा या दोघांतला फरक सांगत नाही. तो फरक ज्याने कळतो त्याला डॉक्टरी भाषेत फ्रेल्टी म्हणतात. मराठीत मी जर्जरता म्हणते. ‘अशक्तपणा’ म्हटलं की घरचे टॉनिकची बाटली मागतात, आणि ‘वय झालं’ म्हटलं की आपण सगळेच हात झटकून मोकळे होतो. गावाकडची माणसं म्हणतात, ‘पार खंगलाय’, ‘अंगात त्राण राहिलं नाही’. मला विचाराल तर पुस्तकी व्याख्येपेक्षा हे जास्त नेमकं आहे. शरीराची गंगाजळी आटलेली असते. साधा ताप, एखादं पडणं, आठवडाभर अंथरुणाला खिळणं एवढ्यानेही माणूस जो खाली बसतो तो पूर्वीच्या जागी परत येत नाही.

सीओपीडीत हे का होतं ते थोडक्यात समजून घ्या, कारण पुढच्या प्रत्येक चाचणीत ते आड येणार आहे. फुफ्फुसात हवा अडकून राहते, त्यामुळे प्रत्येक श्वासाला जास्त कष्ट पडतात आणि त्या कष्टात खाल्लेलं बरंचसं जळून जातं. धाप लागते म्हणून माणूस चालणं टाळतो, आणि चालणं टाळल्याने मांड्या वाळतात. वाळलेल्या मांड्यांनी तेवढंच अंतर चालायला जास्त दम लागतो, म्हणून तो आणखी कमी चालतो. मधेच आजार उसळला की स्टिरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स आणि दवाखान्यातली खाट, म्हणजे स्नायूंना दुहेरी मार. आपल्याकडे यात बिडी आहे, तशीच बिडीला कधी हातही न लावलेल्या बायकांची चूल आहे. काहींना पूर्वी टीबी होऊन गेलेला असतो. फुफ्फुसं वेगवेगळ्या वाटांनी बिघडतात, पण मांड्या जवळपास सगळ्यांच्याच वाळतात.

हे मोजून उपयोग काय, असं एखादा वरिष्ठही विचारेल. त्याला लंडनचा अभ्यास सांगा. २०१६ साली तिथे सीओपीडीच्या ८१६ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. फुफ्फुस-पुनर्वसनासाठी, म्हणजे देखरेखीखालच्या व्यायामाच्या कार्यक्रमासाठी, आलेल्यांपैकी साधारण चौथा हिस्सा जर्जर निघाला. या लोकांत पुनर्वसन अर्धवट सोडण्याचं प्रमाण जास्त होतं. पण ज्यांनी ते पूर्ण केलं, त्यांच्यातले दहापैकी सहा शेवटी जर्जरतेच्या व्याख्येत बसलेच नाहीत. ज्यांना आपण ‘यांना काय व्यायाम झेपणार’ म्हणून परत पाठवतो, त्यांनाच सर्वात जास्त फायदा व्हायची शक्यता आहे. मोजायचं ते त्यांना वगळण्यासाठी नाही, धरून ठेवण्यासाठी.

आधी: आज मोजायचं की नाही

आजार उसळलेला असताना, म्हणजे कफ वाढलाय, रंग बदललाय, रात्रभर बसून काढली, अशा दिवशी चालण्या-उठण्याच्या चाचण्या करू नका. त्या दिवशीचा आकडा त्या दिवसाचा असतो, त्या माणसाचा नसतो. तब्येत स्थिरावून चार-सहा आठवडे झाले की बोलवा. दाखल असलेल्या रुग्णाचं काय करायचं ते पुढे सांगते.

चाचणीपूर्वी पाच-दहा मिनिटं बसवा. नाडी, रक्तदाब, ऑक्सिमीटर. नखाला रंग असेल तर पुसून किंवा दुसरं बोट पाहून, आणि बोट गार असेल तर चोळून गरम करून आकडा घ्या. छातीत दुखतंय, चक्कर येतेय, बसल्याबसल्या ऑक्सिजन ८५ च्या आसपास आहे, नाडी १२० च्या वर आहे, रक्तदाब १८०/१०० च्या पुढे आहे, यातलं काहीही असेल तर घड्याळ खिशात ठेवा आणि डॉक्टरांना हाक मारा. घरी ऑक्सिजन लावणाऱ्याची चाचणी त्याच्या नेहमीच्याच प्रवाहावर घ्या आणि सिलिंडर कोणी धरला तेही लिहा. स्वतः ओढत चालणं आणि नातवाने मागून आणणं यात सेकंदांचा फरक पडतो.

पंप घेऊन झालाय का, किती वेळापूर्वी, हे विचारा. पुढच्या वेळीही साधारण तेवढ्याच वेळाने मोजा. आणि नेहमीपेक्षा वेगळा खोकला सुरू होऊन दोन आठवडे उलटले असतील किंवा सोबत ताप येत असेल तर टीबीसाठी थुंकीची तपासणी आधी, आपली चाचणी नंतर.

पहिली पायरी: नाव पुकारल्यावर बघा

माझी खरी पहिली चाचणी दारातच होते. नाव पुकारल्यावर माणूस बाकावरून कसा उठतो, कशाला धरतो, दारापर्यंत येताना किती वेळा थांबतो, बोलताना वाक्य तुटतं का, हे पाहून घ्या. बाकावर दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून पुढे झुकून बसलेला, ओठांचा चंबू करून श्वास सोडणारा रुग्ण दिसला की अंदाज येतोच. पण अंदाजावर थांबू नका. धट्टीकट्टी दिसणारी माणसं खुर्चीच्या चाचणीत आडवी झालेली मी पाहिली आहेत, आणि काटकुळ्या म्हाताऱ्यांनी मला खोटं पाडलंय.

दुसरी पायरी: वजन, पण काट्यावर विसंबून नाही

जर्जरतेचे पाच निकष लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली अमेरिकेत मांडले. नकळत घटलेलं वजन, थकवा, कमी झालेली हालचाल, मंद चाल आणि ढिली पकड. पाचपैकी तीन किंवा जास्त भरले तर जर्जर, एक-दोन भरले तर उंबरठ्यावर, एकही नाही तर ठणठणीत.

वजनाचा निकष असा की गेल्या वर्षात प्रयत्न न करता साडेचार किलो किंवा शरीराच्या वजनाच्या ५ टक्के घट. अडचण अशी की गेल्या वर्षीचं वजन कोणालाच माहीत नसतं. मग कपड्यांना विचारा. पुरुषांना विचारा, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं का, सदरा खांद्यावरून उतरतो का. बायकांना विचारा, ब्लाउज आत घ्यावं लागलं का. आजींचा हात वर करून बघा, पाटल्या कोपरापर्यंत घसरतात का. एका आजींनी मला सांगितलं होतं, “बाई, पाटल्यांना दोरा गुंडाळलाय, न्हायतर भांडी घासताना निघत्यात.” वर्षभराचा वजनाचा तक्ता मला याहून जास्त काय सांगणार?

आता यातली मेख. जुन्या फुफ्फुसविकारात हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येऊन पायांवर सूज येते. त्या पाण्याचं वजन काट्यावर भरतं आणि गेलेलं मांस झाकलं जातं. म्हणून नडगीवर अंगठा दाबून खड्डा पडतो का ते पाहिल्याशिवाय वजन लिहू नका. पोटरीचा घेर मोजत असाल तर तिथेही हेच. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये पोटरीसाठी पुरुषांना ३४ आणि स्त्रियांना ३३ सेंटिमीटर ही खालची मर्यादा दिली आहे. सुजलेल्या पायावर या आकड्यांना काही अर्थ नाही.

तिसरी पायरी: थकवा, आणि मराठीतला घोळ

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण नवी मंडळी हमखास इथेच चुकतात, आणि चूक त्यांची कमी, भाषेची जास्त.

मूळ प्रश्नावली विचारते की गेल्या आठवड्यात किती दिवस तुम्हाला प्रत्येक गोष्ट करायला जिवावर आलं, आणि किती दिवस तुम्हाला काही सुरूच करावंसं वाटलं नाही. तीन दिवस किंवा त्याहून जास्त असं उत्तर आलं तर निकष भरला. साधा प्रश्न आहे. पण आपण घाईत तो “दमायला होतं का हो?” असा विचारतो. मराठीत ‘दमलो’ म्हणजे थकलो, आणि ‘दम लागला’ म्हणजे धाप लागली. दोन्ही एकाच शब्दाची लेकरं. सीओपीडीचा रुग्ण या प्रश्नाला ‘हो’च म्हणणार, त्याला दुसरं उत्तर असूच शकत नाही. भरीस भर म्हणून ‘दमा’ हा शब्द गावात छातीच्या सगळ्याच दुखण्यांना वापरतात. तुम्ही थकवा विचारता आणि तो तुम्हाला त्याचा आजार सांगतो.

म्हणून मी प्रश्न फोडून विचारते. “काका, चढ चढून आल्यावर पाच-दहा मिनिटं बसलात की परत उठावंसं वाटतं का? की बसून राहिलं तरी अंग उचलत नाही?” बसल्यावर तरतरी येत असेल तर ती धाप. तासभर बसूनही, सकाळी झोपून उठल्यावरही, काहीही न करता अंग जड राहत असेल तर तो थकवा. दुसरा प्रश्न, “सकाळी उठल्याउठल्या, अजून काहीच केलेलं नसताना, आजचा दिवस कसा काढू असं वाटतं का? आठवड्यातून किती दिवस?” दिवस मोजून घ्या. ‘कधीकधी’ हे उत्तर लिहू नका, त्याचा पुढच्या वेळी काहीच उपयोग होत नाही.

धापेसाठी वेगळी मोजपट्टी आहेच, तिला सुधारित एमआरसी (थोडक्यात एमआरसी) श्रेणी म्हणतात. शून्य म्हणजे फक्त जोराच्या कष्टाने धाप, चार म्हणजे घराबाहेर पडताच येत नाही किंवा कपडे घालता-काढतानाही धाप. ती स्वतंत्र रकान्यात लिहा. दोन रकाने वेगळे ठेवलेत की निम्मं काम झालं.

हे बोलणं चालू असताना माणूस उदास आहे का तेही कळतं. घरच्यांशी बोलणं टाकलंय, जेवणावरची वासना गेली, कशातच मन लागत नाही, असं दिसलं तर तो थकवा मनाचाही असू शकतो. तो निकषात मोजा आणि डॉक्टरांच्या कानावरही घाला.

चौथी पायरी: हालचाल

फ्रीड यांच्या मूळ पद्धतीत आठवड्यात किती कॅलरी खर्च होतात ते काढतात. पुरुषांना ३८३ आणि स्त्रियांना २७० च्या खाली गेलं तर निकष भरला. त्यासाठीच्या यादीत हिरवळ कापणं, गोल्फ, बोलिंग, टेनिस असे प्रकार आहेत. ही यादी घेऊन आमच्या ओपीडीत बसलात तर करमणूक चांगली होईल.

पाणी कोण आणतं? हंडा, कळशी की तांब्या? शेतावर शेवटचं कधी गेलात? पारावर जाऊन बसता का, की पार घरी येतो? देवळाच्या पायऱ्या चढता की खालूनच हात जोडता? शहरातल्यांना विचारा, भाजी आणायला खाली उतरता की वरून पिशवी सोडता. या उत्तरांना ठरलेले आकडे नाहीत, हे मान्य करून चाला. ‘घराबाहेर आठवड्यातून जेमतेम एकदा’ असं असेल तर मी निकष भरला असं धरते आणि तसं धरलंय हे लिहून ठेवते. काटेकोर संशोधनाला हे चालणार नाही. ओपीडीला चालतं.

एक सावधगिरी, ‘करत नाही’ आणि ‘करू शकत नाही’ यांत फरक करा. आपल्या घरांत पासष्टीच्या पुरुषाने कधी चहाही केलेला नसतो, आणि सून आल्यावर सासूबाई चुलीपासून उठलेल्या असतात. मी विचारते, “सून चार दिवस माहेरी गेली तर?” यावर घरच्यांचे चेहरे वाचा. उत्तर तिथे असतं.

पाचवी पायरी: चार मीटर

एकच चाचणी करण्याइतका वेळ असेल तर ही करा. सहा मिनिटं चालण्याची चाचणी फुफ्फुसाच्या रुग्णांत प्रसिद्ध आहे आणि ती हवीच, पण तिच्यात धाप, हृदय, पाय सगळंच मिसळतं. शिवाय तिला ३० मीटरचा मोकळा वऱ्हांडाही लागतो, आणि आपल्या वऱ्हांड्यात रांगा असतात. चार मीटर इतके थोडे असतात की धाप लागायच्या आतच चालून होतं. त्यामुळे पायांचं, तोलाचं आणि एकूण अंगातल्या बळाचं चित्र बरंच स्वच्छ मिळतं.

जमिनीवर चार मीटरवर दोन चिकटपट्ट्या लावा. पुढे एक-दोन मीटर मोकळी जागा ठेवा, नाहीतर माणूस भिंत दिसली की आधीच वेग कमी करतो. रुग्ण पहिल्या पट्टीवर स्थिर उभा. सांगायचं ते इतकंच, “रस्त्याने नेहमी चालता तसं चाला, शर्यत नाही.” पहिलं पाऊल हललं की मोबाइलचं घड्याळ सुरू, पाऊल दुसरी पट्टी ओलांडलं की बंद. दोनदा घ्या आणि कमी वेळाचा आकडा धरा. काठी रोजची असेल तर काठीसह. तुम्ही शेजारून, अर्धं पाऊल मागे चाला. पुढे चाललात तर तो तुमच्या चालीने चालतो.

चपला सैल असतील तर काढायला लावा, पण मग पुढच्या वेळीही अनवाणीच. नऊवारीतली आजी पाचवारीतल्या आजीपेक्षा सुटसुटीत चालते, हे आपलं माझं निरीक्षण.

हिशोब सोपा आहे. चार भागिले सेकंद. पाच सेकंद लागले तर वेग सेकंदाला ०.८ मीटर, आणि सीओपीडीत यापेक्षा मंद चाल असेल तर कान टवकारावेत. फ्रीड यांच्या निकषात अंतर १५ फूट आहे, चार मीटर नाही, हे लक्षात ठेवा. त्यांचा नियम असा की पुरुष १७३ सेंटिमीटरपर्यंत उंच आणि स्त्री १५९ पर्यंत उंच असेल तर ७ सेकंद किंवा जास्त लागले की मंद, त्याहून उंच असतील तर ६ सेकंद. चार मीटरवर बसवलं तर हे अनुक्रमे साधारण ६.१ आणि ५.२ सेकंद होतात. आपल्याकडचे बहुतेक रुग्ण पहिल्याच गटात येतात.

सहावी पायरी: खुर्ची

सीओपीडीत हातांपेक्षा मांड्या आधी आणि जास्त खचतात. म्हणून ही चाचणी मला पकडीपेक्षा मोलाची वाटते. पाठ असलेली, बिनहाताची, घट्ट खुर्ची घ्या, बैठक जमिनीपासून ४५ सेंटिमीटरच्या आसपास, आणि मागून भिंतीला टेकवा. प्लॅस्टिकची खुर्ची नको. ती वाकते, सरकते, आणि एकदा रुग्ण खाली बसला की तुमच्यावरचा विश्वासही खाली बसतो.

हात छातीवर घडी घालून एकदा उठायला सांगा. जमलं तरच पुढे. मग पाच वेळा पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं, होईल तितक्या लवकर. पाचव्यांदा ताठ उभे राहिले की घड्याळ बंद. रुग्ण श्वास रोखून उठतात. “उठताना फुंकर सोडा” असं आधीच सांगून ठेवा, मधे टोकू नका. गुडघे दुखत असतील तर तसं लिहा, कारण आकडा मग गुडघ्यांचा असतो.

इथे सहावी लिहिली असली तरी ही चाचणी तोल-पकडीनंतर, सर्वात शेवटी घ्या, सगळ्यात दमवणारी आहे. (दोन्ही अर्थांनी.) संपल्यावर बसवा आणि ऑक्सिमीटर लगेच काढू नका. चाचणी थांबल्यावरही आकडा थोडा वेळ खाली सरकत राहतो.

सातवी पायरी: तोल आणि पकड

तोलाच्या तीन अवस्था, प्रत्येकी १० सेकंद. पावलं जुळवून, मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याशेजारी, मग एकापुढे एक सरळ रेषेत. तुमचा हात त्याच्या कमरेपासून वीतभर अंतरावर, पण टेकलेला नाही.

पकडीसाठी डायनॅमोमीटर, म्हणजे मुठीचा जोर किलोत दाखवणारं यंत्र, लागतो. बसलेला रुग्ण, कोपर काटकोनात, प्रत्येक हाताने तीन प्रयत्न, सर्वात मोठा आकडा धरायचा. फ्रीड यांचे आकडे बीएमआयनुसार, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्यानुसार, बदलतात. सडपातळ पुरुषाला २९ किलो किंवा कमी, सडपातळ स्त्रीला १७ किलो किंवा कमी. आशियाई गट पुरुषांना २८ आणि स्त्रियांना १८ च्या खाली ढिली पकड म्हणतो. यंत्र नसेल तर बोट दाबायला सांगून अंदाजाने ‘बरी’, ‘कमी’ असं लिहू नका. पंपाने हात थरथरतात तेही ध्यानात असू द्या.

आठवी पायरी: बेरीज

यंत्र नसलेल्या जागी मी तोल, चाल आणि खुर्ची या तिघांची बेरीज वापरते. तिला एसपीपीबी म्हणतात, १९९४ पासून ती वापरात आहे. प्रत्येकाला शून्य ते चार, एकूण १२.

तोलात पहिल्या दोन अवस्था जमल्या की एकेक गुण. तिसरीला पूर्ण १० सेकंदांचे दोन, तीनच्या वर पण दहाच्या आत एक. चार मीटरला ४.८२ सेकंदांच्या आत चार गुण, ६.२० पर्यंत तीन, ८.७० पर्यंत दोन, त्यापुढे एक. खुर्चीला ११.१९ सेकंदांपर्यंत चार, १३.६९ पर्यंत तीन, १६.६९ पर्यंत दोन, त्यापुढे मिनिटाच्या आत एक. जमलंच नाही तर शून्य. फुफ्फुसाच्या रुग्णांत ७ किंवा कमी बेरीज सहसा जर्जर धरतात.

फक्त प्रश्नांची, पाच गुणांची एक झटपट श्रेणीही फिरते. त्यात थकवा, जिना, थोडं अंतर चालणं, आजारांची संख्या आणि वजन विचारतात. छातीच्या ओपीडीत मी ती टाळते. पहिल्या तिन्ही प्रश्नांना धापेमुळेच ‘हो’ येतं आणि बघता बघता अख्खी ओपीडी जर्जर ठरते.

आता दाखल रुग्ण. खाटेवरच्या माणसाला चालवायचं नसतं. तिथे कॅनडाच्या रॉकवुड यांची नऊ पायऱ्यांची श्रेणी कामाला येते. अट एकच, आजची स्थिती विचारायची नाही, आजार उसळण्यापूर्वी दोन आठवडे माणूस कसा होता ते विचारायचं. चार म्हणजे स्वावलंबी, पण मंदावलेला. पाच म्हणजे पैशांचा व्यवहार, प्रवास, जड घरकाम यांत मदत. सहा म्हणजे बाहेरच्या सगळ्या कामांत आणि आंघोळीतही. सात म्हणजे स्वतःचं सगळंच दुसऱ्याच्या हाती. इथे पुन्हा सुनेचा प्रश्न विचारायला विसरू नका.

कुठलीही एक पद्धत निवडा आणि त्या रुग्णाला शेवटपर्यंत तीच लावा.

नववी पायरी: मग करायचं काय

आकडा लिहून केसपेपर बंद केलात तर रुग्णाला उगाच उठाबशा काढायला लावल्या असं होईल.

जर्जर निघालेल्याला पुनर्वसनात घ्या, पण वेळापत्रक त्याच्याकडे बघून करा. सुरुवात मांड्यांपासून, धाप कमी लागेल अशा छोट्या छोट्या फेऱ्यांत, मधे बसून. गैरहजर राहिला तर दुसऱ्या दिवशी फोन. ही मंडळी सोडून जातात ती बऱ्याचदा आळसाने नव्हे. मधेच आजार उसळतो किंवा आणायला कोणी नसतं.

जेवणाचं बोला, पण ‘प्रोटीन वाढवा’ एवढ्यावर सोडू नका. वयस्क, जुनाट आजाराच्या माणसाला किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. ४५ किलोच्या माणसाला ही ५४ ते ६७ ग्रॅम झाली, आणि वरणाच्या पाण्याने ती भरत नाहीत. अंडं, घट्ट पिठलं, शेंगदाण्याचा कूट, दही, खात असतील तर मासळी. एकदम पोटभर जेवलं की पोट वर दाबतं आणि धाप वाढते, म्हणून थोडं थोडं पाच वेळा.

घर विचारा. न्हाणीत पाट की स्टूल, संडास उकिडवं बसायचं का, रात्री उठताना दिवा कुठे. स्टिरॉइडचे कोर्स वर्षात किती झाले ते मोजून डॉक्टरांना सांगा. आणि चूल अजून पेटते का हेही. गॅस आला तरी अंघोळीचं पाणी चुलीवरच तापतं, आणि तापवते तीच आजी.

आठ आठवड्यांनी परत मोजा, त्याच खुर्चीवर, त्याच पट्ट्यांवर. खुर्चीच्या चाचणीत पावणेदोन सेकंदांच्या आसपास वेळ कमी झाला तर ती खरी सुधारणा समजतात. २०१३ च्या सीओपीडीवरच्याच अभ्यासात हा आकडा १.७ सेकंद निघाला होता.

नोंद कशी असावी, त्याचा हा नमुना. रुग्ण कल्पित आहे, पण अशा आजी तुम्हाला भेटतीलच.

‘स्त्री, ६८. चूल ४० वर्षं. स्थिर, पंप अर्ध्या तासापूर्वी. उंची १४८, वजन ४१.५, वर्षापूर्वी दवाखान्यात ४६. पायांना सूज नाही. एमआरसी ३. थकवा: बसल्यावर उतरतो, निकष नाही. हालचाल: महिनाभर उंबऱ्याबाहेर नाही, पाणी सून आणते. चार मीटर ६.४ सेकंद, अनवाणी. पकड उजवी १५. तोल ३, खुर्ची १९.२ सेकंद. फ्रीड ४/५, एसपीपीबी ६.

आठ आठवड्यांनी, तीच वेळ, तीच खुर्ची. वजन ४२.६. चार मीटर ५.३. पकड १६. तोल ४, खुर्ची १५.१. फ्रीड २/५, एसपीपीबी ९. एमआरसी ३च. पाणी: नळावरून अर्धी कळशी स्वतः आणते, मधे ओट्यावर एकदा बसून.’